नांगरट न केल्याची नोंद कुठे करायची? विनानांगरणी शेतीच्या डिजिटल वहीबद्दल

माळावरचा_खटावकर

मंडळी, नमस्कार.

खटाव तालुक्यात आमची साडेसहा एकर जमीन आहे. त्यातल्या दीड एकराला विहिरीचे पाणी मिळते, बाकी सगळी कोरडवाहू. २०१९च्या खरिपापासून आम्ही नांगरट बंद केली. धसकटे जागेवरच ठेवतो, टोकणी करतो, बाजरीत हुलगा किंवा मटकी घेतो आणि जमेल त्या तुकड्यात ज्वारीच्या आधी हिरवळीचे, म्हणजे खत म्हणून शेतातच कुजवायचे पीक घेतो. अशा शेतीला कोणी पुनरुज्जीवक शेती म्हणते, तर कोणी विनानांगरणी.

माझे थोरले बंधू बांधापलीकडची वाटणीची जमीन करतात आणि ते दरवर्षी नांगरट करतात. यंदा त्यांनी मला सरळ विचारले, "तुझी जमीन सुधारली म्हणतोस, ते कशावरून?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी माडीवरच्या वह्या खाली काढल्या. वडिलांच्या हातच्या वह्यांत प्रत्येक हंगामाची नांगरट, कुळवाच्या पाळ्या, बियाण्याचे पैसे आणि मजुरी अशी एकेक ओळ आहे. पुढच्या वह्या माझ्या हातच्या. त्यांत २०१९ नंतर नांगरटीची ओळच नाही. गेल्या सहा वर्षांतले आमच्या शेतातले सर्वांत मोठे काम म्हणजे ही न लिहिलेली ओळ होय. मात्र ती वाचणाऱ्याला नांगरट केली नव्हती असे वाटेल, की मी लिहायला विसरलो असे वाटेल, याचे उत्तर त्या वहीत नाही.

आपल्या सगळ्या शेतवह्या खर्चाच्या असतात. पैसा बाहेर गेला की ओळ पडते. पण या पद्धतीत मुख्य काम पुष्कळदा न करण्याचे असते. नांगर घातला नाही, धसकट उपटले नाही, पाचट पेटवले नाही, जनावरे फडात सोडली नाहीत, या गोष्टींचे बिल येत नाही, म्हणून त्यांची ओळही पडत नाही. त्यात माती सावकाश बदलते आणि पाच वर्षांपूर्वी पाऊस पडल्यावर पाणी किती वेळ साचून राहायचे, हे कोणालाच नेमके आठवत नाही. चांगला पाऊसकाळ झाला की आपण त्याचे श्रेय पद्धतीला देतो, वाईट झाला की दोष पावसाला. मीही हेच करत आलो, हे वह्या चाळताना ध्यानात आले.

म्हणून गेल्या दोन हंगामांपासून मी मोबाईलवर एक साधी शीट ठेवली आहे. सातबाऱ्यावर आमचा गट एकच आहे, पण त्यात माती तीन प्रकारची आहे, म्हणून गटाचे पाच तुकडे करून त्यांना विहीर-१, विहीर-२, माळ-१, माळ-२ आणि ओढा अशी कायमची नावे दिली. प्रत्येक ओळीत तारीख, तुकडा, काम, परिमाण, कोणी केले आणि काय दिसले, असे रकाने आहेत. "काम" या रकान्यात "ठरवून केले नाही" असा एक पर्याय मुद्दाम ठेवला आहे आणि तो निवडला की कारण लिहावेच लागते. उदाहरणार्थ, "माळ-२, कुळवाची पाळी ठरवून केली नाही, कारण ज्वारीचे धसकट उभे आहे आणि वारा सुटला आहे."

ही पद्धत ज्यांनी चालवून पाहिली आहे, त्यांनी तिच्यातल्या उणिवा सांगाव्यात. फक्त एखाद्या ॲपचे नाव नको, ते ॲप तुम्ही किती हंगाम वापरले आणि त्यातून कोणता निर्णय घेतला, हेही लिहावे.

कापूस_तूर_वर्धा

माळावरचे भाऊ, तुमचा "ठरवून केले नाही" हा रकाना मी आजच आमच्या गटाच्या शीटमध्ये घेतला. आता आमचा अनुभव सांगतो.

आमच्या अकरा शेतकऱ्यांच्या गटाने पहिल्या वर्षी प्रत्येकाला आपापल्या शब्दांत लिहू दिले. वर्षाअखेरीस हिरवळीच्या खताखालचे क्षेत्र काढायला बसलो, तर निम्म्यांनी "ताग" लिहिले होते आणि निम्म्यांनी "बोरू". पीक एकच, पण शीटच्या लेखी दोन. निंदण, खुरपण आणि भांगलण यांचेही तसेच झाले. एकाने डवरणीला डवरा म्हटले, तर दुसऱ्याने डवरणे. आता कामांची आणि पिकांची यादी आधीच ठरवलेली आहे आणि त्या यादीतूनच निवडावे लागते. मात्र यादी करताना गटातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन बसा. बाहेरून आलेल्या तयार यादीत तुमच्या कामाचा शब्द नसला, तर लोक ते काम "इतर" मध्ये टाकतात आणि ते नंतर कोणालाच सापडत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची आली. काहींच्या फोनवर मराठी कळफलक होता, त्यांनी "१२" असे देवनागरीत भरले. आमच्या शीटने तो मजकूर समजला आणि बेरजेत धरलाच नाही. दोन महिने शेणखताची बेरीज कमी येत होती आणि आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो. अंकांच्या रकान्यात फक्त अंकच भरता येतील, अशी अट घालून ठेवा.

आणि ट्रॉलीचा घोळ. "दोन ट्रॉल्या शेणखत" हे परिमाण नव्हे. आम्ही प्रत्येकाची ट्रॉली एकेकदा वजनकाट्यावर नेली, ओल्या आणि वाळल्या खताचे वजन वेगवेगळे लिहून ठेवले, आणि तेव्हापासून ट्रॉलीचे किलो शीटच करते.

माती_परीक्षक

मी तीस वर्षे मातीच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो आहे. मूळ प्रश्न "जमीन सुधारली हे कशावरून" असा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक जण सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेल्या कार्बनचा आकडा शीटमध्ये चढवतात आणि तो वाढला की सुधारणा झाली असे मानतात. हा आकडा उपयोगाचा आहे, पण त्याच्यासोबत चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडू नयेत.

पहिली गोष्ट म्हणजे परीक्षणाची पद्धत. आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिकेसाठी, म्हणजे सरकारी माती परीक्षणाच्या अहवालासाठी, सामान्यतः वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. तिच्यात मातीतला सगळा सेंद्रिय कर्ब मोजला जात नाही, साधारण तीन-चतुर्थांशच्या आसपास मोजला जातो, आणि म्हणून काही ठिकाणी सुमारे १.३ ने गुणून अहवाल देतात, तर काही ठिकाणी गुणत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात माती जाळून एकूण कर्ब मोजतात. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि तिच्यातला असेंद्रिय कर्बही त्या एकूण आकड्यात येतो. तो वजा केला नाही, तर एका प्रयोगशाळेत ०.५ टक्के आलेली माती दुसरीकडे दीड टक्का दाखवू शकते, आणि शेतकरी वर्षभरात तिप्पट वाढ झाली असे समजून आनंदात राहतो.

दुसरी गोष्ट खोली. नांगरट बंद केल्यावर काडीकचरा वरच कुजतो, त्यामुळे वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये कर्ब लवकर वाढतो आणि खाली सावकाश. एका वर्षी खुरप्याने वरवरचा नमुना काढला आणि पुढच्या वर्षी पंधरा सेंटिमीटरचा खड्डा घेतला, तर ते दोन वेगळ्या शेतांचे आकडे झाले.

तिसरी गोष्ट स्थूल घनता, म्हणजे एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन. हिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. एक हेक्टर क्षेत्र, पंधरा सेंटिमीटर खोली, म्हणजे १५०० घनमीटर माती. घनता १.३ असेल तर तिचे वजन १९५० टन भरते, आणि कर्ब ०.५० टक्के असेल तर त्या थरात ९.७५ टन कर्ब होतो. पाच वर्षांनी माती भुसभुशीत होऊन घनता १.२ झाली आणि कर्ब ०.५४ टक्के आला, तर मातीचे वजन १८०० टन आणि कर्ब ९.७२ टन. पत्रिकेवर आकडा वाढलेला दिसतो, पण त्या पंधरा सेंटिमीटरच्या थरातला कर्ब होता तेवढाच आहे. पुढे बारकाईने पाहायचे तर समान खोलीऐवजी मातीच्या समान वजनाची तुलना करावी लागते, कारण मोकळी झालेली माती फुगून तिचा काही भाग पंधरा सेंटिमीटरच्या खाली गेलेला असतो. घनता काढणे अवघड नाही. पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा पाइपाचा तुकडा जमिनीत सरळ ठोकावा, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करून आतली सुमारे ९८ घन सेंटिमीटर माती काढावी आणि १०५ अंश सेल्सिअसला वाळवून तोलावी. काळी माती ओल्यात फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून दर वेळी ओल साधारण सारखीच असताना नमुना घ्यावा.

चौथी गोष्ट जागा. मृदा आरोग्य पत्रिकेच्या मूळ आखणीत कोरडवाहू भागात दहा हेक्टरला आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना धरला होता. खतांची शिफारस करायला तो चालतो. तुमच्या माळ-२ मध्ये काय बदलले, हे त्यातून कळणार नाही. प्रत्येक तुकड्यात एक जागा ठरवा, बांधावरच्या पक्क्या खुणेपासूनची पावले लिहा आणि फोनवर अक्षांश-रेखांशही टिपून ठेवा. उघड्या रानातसुद्धा फोनचे स्थान काही मीटरने चुकते, म्हणून पावले लिहिणे सोडू नका.

कर्बाचे परीक्षण तीन वर्षांतून एकदा केले तरी पुरे, तेही उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी.

माळावरचा_खटावकर

माती_परीक्षक साहेब, आपले मनापासून आभार. आमच्याकडे २०१८ आणि २०२२ अशा दोन पत्रिका आहेत. मी त्यांतले आकडे शेजारी मांडून आलेख काढला होता आणि तो इथे टाकणारही होतो. पण खोली आणि जागा दोन्ही वर्षी कुठेही लिहिलेली नाही, म्हणून तो आलेख मी टाकत नाही.

आता प्रश्न असा की, तीन वर्षांच्या मधल्या काळात शेतकऱ्याने स्वतः काय मोजावे?

माती_परीक्षक

पाणी मुरण्याचा वेग मोजा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पंधरा सेंटिमीटर आतील व्यासाचे लोखंडी कडे सात-आठ सेंटिमीटर आत ठोकावे. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर ४४० मिलिलिटर पाणी ओतावे, म्हणजे ते अडीच सेंटिमीटर उंचीचे होते, आणि मग कागद अलगद ओढून घेऊन घड्याळ लावावे. पहिले पाणी कोरड्या मातीची तहान भागवण्यातच जाते, म्हणून ते मुरल्यावर तेवढेच पाणी दुसऱ्यांदा ओतून त्याचा वेळ मोजावा आणि तोच शीटमध्ये भरावा. पावसाळ्याच्या अखेरीस एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल मातीचा ठोकळा काढून त्यातली गांडुळे मोजावीत. शेताचा पाऊस स्वतःच्या पर्जन्यमापकाने रोज सकाळी ठराविक वेळी मोजावा, कारण महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत आणि आपल्याकडे एका शिवारात पडलेला पाऊस शेजारच्या शिवारात नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

जमिनीला_नाव_नाही

"कोणी केले" हा रकाना ठेवल्याबद्दल खटावकर दादांचे आभार. त्याविषयी मला थोडे सांगायचे आहे.

आमच्या बचत गटातल्या चौदा जणी मिळून बियाणे राखतो आणि शेण-गोमूत्राचे जीवामृत करतो. सातबारा एकीच्याही नावावर नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून करायची सरकारी पीकनोंद, खातेदाराच्या नावाने होते, विक्रीची पट्टी खातेदाराच्या नावाने येते, प्रशिक्षणालाही खातेदारालाच बोलावतात. पेरणी कोणत्या ओलीवर केली, कोणत्या ओळीत मर लागली आणि कोणते कणीस बियाण्याला बाजूला काढले, हे मात्र बाईलाच ठाऊक असते. शीट घरातल्या पुरुषाच्या फोनवर असेल, तर ही माहिती संध्याकाळी त्याला आठवेल तेवढीच उतरते.

आम्ही यावर एक उपाय केला. गटात दोघींकडेच स्मार्टफोन आहेत. बाकीच्या जणी शेतातून येताना त्यांच्यापाशी थांबून बोलतात आणि त्या आवाज ध्वनिमुद्रित करतात. एकीचे अगदी ताजे बोल असे आहेत, "ओढ्याकडच्या अंगाला तुरीच्या खालचा पाला ओलसर आहे, आत हात घातला तर गार लागतो, वरच्या अंगाला उकरलं तर धूळ उडते." हे वाक्य कोणत्याच ठरलेल्या यादीत बसत नाही. ते जसेच्या तसे "काय दिसले" मध्ये लिहितो आणि तारीख-तुकडा एवढेच यादीतून निवडतो. वर्धेच्या दादांचे यादीबद्दलचे म्हणणे मला पटते, परंतु पाहिलेली गोष्ट बोलणारीच्याच शब्दांत राहू द्यावी. आकडे यादीत, निरीक्षण मोकळे, असे दोन्ही लागते.

मजुरीचे तासही लिहा. आच्छादन पसरायला आणि टोकणीला जास्त हात लागतात आणि ते बहुधा घरच्या बायकांचे असतात. नांगरटीचे भाडे वाचले असे आपण लिहितो, तेव्हा त्याच्या शेजारी हे तासही दिसले पाहिजेत.

भातखाचर_नेरळ

आम्ही सगुणा पद्धतीने भात करतो. ही पद्धत नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. कायमचे गादीवाफे, साच्याने टोकणी, चिखलणी नाही आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची, असे तिचे स्वरूप आहे. तणासाठी आम्ही तणनाशक वापरतो आणि ते शीटमध्ये नाव, मात्रा आणि तारखेसह लिहितो.

हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या ओळखीच्या एका गटाने तणनाशकाचा रकानाच काढून टाकला. सेंद्रिय शेतीला एनपीओपी या केंद्र सरकारच्या प्रमाणीकरण कार्यक्रमाचे मानक आहे, पीजीएस या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेते पाहून हमी देतो, आणि दोन्हींत रासायनिक तणनाशक चालत नाही. पुनरुज्जीवक या शब्दाला आपल्याकडे तसे एकच सरकारी मानक नाही. अशा वेळी घेणाऱ्याला विश्वास वाटावा असे आपल्याजवळ काही असेल, तर ती नोंदच आहे. तिच्यातून एक गैरसोयीची गोष्ट वगळली, तर बाकीच्या ओळी कोणी का खऱ्या मानाव्यात?

ई-पीक पाहणीबद्दलही एक सांगतो. ती २०२१च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली आणि ती वेळेत करायलाच हवी, कारण सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामधली पीकनोंद त्यावरून होते आणि विमा, कर्ज, हमीभावाची विक्री यांत ती लागते. मिश्र पीक असेल तर तसेच नोंदवा, निर्भेळ म्हणून टाकू नका. पण दोन हंगामांच्या मधले हिरवळीचे पीक, आच्छादन किंवा मशागत यांसाठी तो नमुना नाही. ती नोंद आपली आपणच ठेवायची.

ओपनसोर्स_पुणेकर

शेती सासऱ्यांची, नोंदी मी सांभाळतो. ॲपविषयी विचारले आहे, म्हणून अनुभव लिहितो.

आम्ही सुरुवातीला एका कंपनीचे मोफत ॲप वापरले. दिसायला छान होते, मराठीतही होते. दोन वर्षांनी त्यांनी ती सेवा बंद केली. आमच्या नोंदी बाहेर काढायची सोय ॲपमध्ये नव्हती आणि आम्ही ती आधी तपासली नव्हती. सहा हंगामांची पेरणी, फवारणी आणि उत्पन्न गेले. सासऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरांवर पेन्सिलीने केलेल्या खुणांवरून जेवढे जुळवता आले, तेवढे जुळवले. तेव्हापासून कोणतेही ॲप घेताना मी पहिल्या दिवशी चार ओळी भरतो, त्या साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढतो, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या तरच पुढे जातो.

सध्या दोन गोष्टी वापरतो. शेतात रेंज नसते, म्हणून नोंद भरायला कोबो टूलबॉक्सचा फॉर्म आहे. प्रश्न आणि पर्याय मराठीत लिहिता येतात, नोंद फोनमध्ये साठून राहते आणि गावात आल्यावर पुढे जाते. साठवण आणि नकाशासाठी फार्मओएस. ते मुक्त स्रोताचे, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे सॉफ्टवेअर आहे. त्याची कल्पना मला पटली, ती अशी की जमीन, पीक, जनावर, अवजार या टिकणाऱ्या वस्तू एकीकडे, आणि पेरणी, निरीक्षण, कापणी या घटना दुसरीकडे, आणि प्रत्येक घटना कोणत्या ना कोणत्या वस्तूला जोडलेली. एका तुकड्यावर बोट ठेवले की त्याची सगळी हकिकत तारखेने समोर येते. मात्र ते बसवायला जाणकार माणूस लागतो. पाच तुकड्यांच्या शेताला खटावकरांची शीट पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर महिन्याला तिची प्रत काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ठेवा, आणि वर्षातून एकदा कागदावर छापून वहीत चिकटवा.

कापूस_तूर_वर्धा

मातीत साठवलेल्या कर्बाचे क्रेडिट विकत घेणाऱ्या एका कंपनीची माणसे आमच्याकडे येऊन गेली. करार इंग्रजीत होता. त्यात शेताचे नकाशे, नोंदी आणि मातीचे अहवाल यांचा वापर पुढे कंपनीला कायम करता येईल, असे एक कलम होते आणि त्याच नोंदींची प्रत शेतकऱ्याला मिळेल असे कुठेही नव्हते. आम्ही तेवढे एक वाक्य घालायला सांगितले. उत्तर अजून आलेले नाही. आपल्या वहीची प्रत आपल्याकडे राहील, हे लिहून मिळाल्याशिवाय कोणी सही करू नये, अशी माझी विनंती आहे.

ज्वारीवाला_माण

खटावकर, एक शंका. आपल्याकडे ज्वारी येते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. खरिपात ताग घेतला तर तीच ओल ताग पितो. आमच्याकडे एका वर्षी ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली. याचा निवाडा तुमच्या शीटवरून होतो का?

माळावरचा_खटावकर

भाऊ, आजच्या घडीला होत नाही, कारण मी दोन्ही हंगाम सगळ्या माळावर ताग घेतला. तुलनेला काही ठेवलेच नाही. ही माझ्या नोंदींतली सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती तुमच्या प्रश्नामुळे दिसली. येत्या जूनमध्ये माळ-१ चे दोन पट्टे करतो. एकात ताग पेरून तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापून तसाच अंथरीन, दुसऱ्यात फक्त धसकट आणि पालापाचोळा ठेवीन. ज्वारी दोन्हींत एकाच दिवशी, एकाच बियाण्याची. पेरणीच्या दिवशी एक फूट आणि दोन फूट खोलीवरची ओली माती तोलायची, वाळवून पुन्हा तोलायची आणि दोन्ही वजने लिहायची.

इथल्या सूचनांवरून शीटमध्ये हे बदल केले आहेत. कामांची यादी ठरवून टाकली आणि "काय दिसले" मोकळे ठेवले. मातीच्या ओळीत पद्धत, खोली, घनता आणि पावले हे चार रकाने सक्तीचे केले. मजुरीचे तास घातले. तणनाशकाचा रकाना आहे, तो आमच्याकडे आजवर रिकामा आहे, पण तो राहील. खर्चाच्या बाजूला नांगरटीचा रकानाही पुन्हा आणला आहे आणि त्यात दर हंगामाला स्वतः शून्य भरायचे ठरवले आहे.

कालच लोहाराकडून पाइपाचे कडे कापून आणले. थोरल्या बंधूंना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी दुसऱ्या पाण्याचा वेळ का मोजायचा, एवढेच विचारले आणि मग म्हणाले, "माझ्या रानातही ठोक." आमचा माळ-२ आणि त्यांचे रान यांच्यामध्ये फक्त बांध आहे, मातीही तीच आहे. रविवारी सकाळी सातला दोन्हीकडे बांधापासून वीस पावलांवर कडे बसवणार आहोत. घड्याळ त्यांच्या हातात असेल, पाणी मी ओतेन, आणि दोन्ही वेळा शीटमध्ये त्यांच्याच हाताने भरून घेईन.